निवड समितीची अंतःप्रेरणा

पानिपतजवळील काला अंब येथील स्मारकापाशी मराठी माणूस पोहोचला की एक प्रश्न हमखास निघतो. उत्तरेच्या मोहिमेवर रघुनाथरावांऐवजी सदाशिवरावभाऊंना पाठविणे योग्य होते का? फेब्रुवारी १७६० मधील उदगीरचा विजय ताजा होता आणि नानासाहेब पेशव्यांनी भाऊंवर भिस्त ठेवली. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतर ती निवड चुकली असे म्हणणे सोपे झाले. परंतु रघुनाथराव गेले असते तर काय घडले असते, हे कधीच कळणार नाही. न निवडलेल्याची परीक्षा होतच नाही.

नोकरभरतीतील अडचण हीच आहे. ‘माणूस पाहताच ओळखतो’ असे म्हणणाऱ्या समितीला नाकारलेला उमेदवार पुढे कसा निघाला असता, हे दिसत नाही. त्यामुळे तिचा अंदाज दुरुस्त होत नाही. आत्मविश्वास मात्र वाढत जातो. शेतातील नजरेचे तसे नसते. अनुभवी सहायक डोमकळी पाहून आत गुलाबी बोंडअळी असल्याचे सांगतो. कळी उघडताच खरे-खोटे कळते. अशा असंख्य कळ्यांनी त्याची अंतःप्रेरणा घडलेली असते. तरीही फवारणीची शिफारस आपण केवळ नजरेवर करीत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळणे, असा निकष आपण लावतो.

किडीसाठी पाळली जाणारी ही शिस्त माणसासाठी का नसावी? मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी १९५० च्या दशकात इस्रायली सैन्याच्या मुलाखतींत सहा गुणविशेषांचे स्वतंत्र मूल्यमापन सुरू केले. ते पूर्ण झाल्यावरच मुलाखतकाराने आपला एकूण अंदाज नोंदवायचा होता. शिस्तीनंतर आलेला तो अंदाजही उपयुक्त ठरला.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. संशोधन प्रकल्पांतील कंत्राटी नेमणुका मात्र आजही बहुधा थेट मुलाखतीवरच होतात. तेथे इंग्रजीत अडखळणारा, पण पानामागची अंडी अचूक टिपणारा ग्रामीण पदवीधर काही मिनिटांत बाद होऊ शकतो. म्हणून प्रकाश सापळ्यातील कीटकांची वर्गवारी, प्रादुर्भावाची मोजणी आणि नोंदवहीतील काटेकोरपणा यांची प्रत्यक्ष चाचणी आधी घ्यावी. प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्र गुण द्यावेत. त्यानंतर अंतःप्रेरणेला अवश्य विचारावे. तिचे स्थान मोजणीच्या नंतरचे आहे.