औषधचिठ्ठीआधी वंशावळ

काही वर्षांपूर्वी संत्र्याच्या बागेत मजुरी करणारी एक माता आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. “याले ऊन सोसवत नाही जी,” एवढेच तिचे गाऱ्हाणे होते. मुलाच्या चेहऱ्यावर व हातांवर तपकिरी ठिपके होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते. पांढुर्णा-सौंसरकडचे मे महिन्यातील ऊन कोणाला सोसते, असे मनाशी म्हणत मी कॅलामाइन लोशन व डोळ्यांचे थेंब लिहून दिले. अडीच वर्षांनी ती पुन्हा आली, तेव्हा मुलाच्या नाकावर न भरणारी जखम होती आणि कडेवर तसेच ठिपके असलेली धाकटी मुलगी. त्या दिवशी मी प्रथमच विचारले, “तुम्हा दोघांचे लग्नाआधीपासून नाते आहे का?” नवरा तिचा सख्खा आत्येभाऊ होता.

निदान होते झेरोडर्मा पिग्मेंटोसम. सूर्याच्या अतिनील किरणांनी आपल्या सर्वांच्याच त्वचेतील डीएनएला रोज इजा होते. परंतु शरीर ती दुरुस्त करते. या दुरुस्तीसाठी लागणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील ईआरसीसी-२. त्यापासून एक्सपीडी नावाचे विकर तयार होते. हे विकर बिघडलेल्या जागी डीएनएचा पीळ उलगडते. मग सुमारे ३० अक्षरांचा सदोष तुकडा कापला जातो व समोरच्या धाग्यावरून नवा विणला जातो. झेरोडर्माच्या रुग्णांच्या पेशींत ही दुरुस्ती होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखविले. दुरुस्तीची ही प्रक्रिया उलगडणाऱ्या अझीझ सांजार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. अमेरिकेतील १०६ रुग्णांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, विशीच्या आतील अशा रुग्णांना त्वचेच्या सामान्य कर्करोगांचा धोका इतरांच्या दहा हजार पट असतो आणि पहिला कर्करोग बहुधा नवव्या वर्षाच्या आसपास दिसतो.

विकार दुर्मीळ आहे, मग त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे त्या एका विकारापुरते नाही. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला असा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि रक्ताच्या नात्यात दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी विवाह ही आपली जुनी रीत. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात तिची सविस्तर नोंद केली आहे. अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी निपजतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि गंभीर जन्मजात विकारांचा सर्वसाधारण २ ते ३ टक्के धोका येथे साधारण दुप्पट होतो, हेही सांगितले पाहिजे.

सिकलसेलने आपल्याला हा धडा दिलाच आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. विवाहापूर्वी कार्ड पाहण्याची भाषा आता गावागावांत ऐकू येते. जे एका विकाराबाबत साधते, ते इतरांबाबत का साधू नये?

सहकारी मित्रांना माझी विनंती आहे. दोन वर्षांच्या आतील बालकाच्या उघड्या अंगावर ठिपके दिसले, ते उजेडाला डोळे मिटू लागले, तर औषधचिठ्ठीआधी कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढा. निदान लवकर झाले, तर पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, चष्मा, सनस्क्रीन, ‘ड’ जीवनसत्त्व, संध्याकाळनंतरचे खेळ आणि दर तीन महिन्यांनी त्वचेची तपासणी एवढ्यानेही पुष्कळ अनर्थ टळतो. कुटुंबातील जनुकीय दोष नेमका कळला असेल, तर पुढील गर्भारपणी गर्भतपासणीही शक्य असते.

समाजबांधवांना एवढेच सांगणे, की सोयरीक ठरविताना पत्रिकेसोबत घरातील आजारांचीही चौकशी करा. त्यात कुळाला कमीपणा नाही.

त्या मातेला मी पहिल्याच भेटीत तो प्रश्न विचारला असता, तर मुलाचे नाक कदाचित वाचले असते आणि दुसऱ्या अपत्याचा निर्णय तिने जाणतेपणाने घेतला असता. प्रश्नाला पैसा लागत नव्हता. मी तो विचारला नाही, एवढेच.