मुलांस चीन दाखवितां, तर एवढें दाखवा

उन्हाळ्याच्या सुटींत मुलांस घेऊन परदेश पाहावयास जाण्याची चाल आतां आमच्या मराठवाड्यांतील सुखवस्तु कुटुंबांतही रुजूं लागली आहे. पूर्वीं ज्यांची धांव वेरूळ-अजिंठा, फार तर महाबळेश्वर येथपर्यंत असे, तीं कुटुंबें आज सिंगापूर व दुबई पाहून येतात. आणि २०२० पासून बंद पडलेली भारत व चीन यांमधील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्यें पुनश्च सुरू झाल्यामुळें चीनचेंही नांव बोलण्यांत येऊं लागलें आहे. या बेतास नाक मुरडणारे दोन प्रकारचे लोक आढळतात. एक म्हणतात, दहा-बारा वर्षांच्या पोरास परदेशांतलें काय कळणार? पैसा पाण्यांत! दुसरे म्हणतात, ज्या देशाशीं १९६२ सालीं आपलें युद्ध झालें, ज्याच्या सैन्याशीं जून २०२० मध्यें गलवानच्या खोऱ्यांत झटापट होऊन आपले २० जवान धारातीर्थीं पडले, त्या देशांत सहल कसली काढतां?

पहिल्या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. मुलांस कळत नाहीं असें नाहीं. आपण त्यांस कांहीं सांगून नेत नाहीं. गेलीं कित्येक वर्षें सुटीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत मी मुलांस प्रवासवर्णनाचा निबंध घालीत आलों आहें. जो मुलगा फार दूर जाऊन आलेला असतो, त्याचाच निबंध बहुधा सर्वांत कोरडा निघतो. विमान किती वाजतां सुटलें, हॉटेलची लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत गेली, जेवणांत वरणभात मिळाला कीं नाहीं, आणि कोठें कोठें फोटो काढले, एवढ्यांत त्याचीं तीन पानें भरतात. याउलट कपिलधारला जाऊन आलेली मुलगी धबधब्याखालच्या शेवाळावर आजी कशी घसरली हें असें लिहिते कीं, वही तपासतांना मास्तरांसही हंसूं आवरत नाहीं. दोष मुलांचा नव्हे. सात-आठ दिवसांत बीजिंग, शिआन व शांघाय अशीं तीन महानगरें उरकावयाचीं, रोज सकाळीं बसमध्यें चढावयाचें, आणि हातीं झेंडा धरलेल्या मार्गदर्शकाच्या पाठोपाठ धांवावयाचें, यांत थोरांचेंही डोकें बधिर होतें; मग लहानांची काय कथा!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, व तो हंसून उडवून देण्याजोगा नाहीं. सीमेवरचा तंटा मुलांपासून लपवूं नये. नकाशा उघडून तो त्यांस नीट समजावून द्यावा. परंतु राज्य निराळें व त्या राज्यांत नांदणारीं माणसें निराळीं, हें भूगोलाच्या पुस्तकावरून शिकवितां येत नाहीं. त्याकरितां एखाद्या चिनी आजीनें आगगाडींत शेजारीं बसून आपल्या मुलाच्या हातावर संत्र्याची सोललेली फोड ठेवावी लागते. म्हणून माझें मत असें आहे कीं, ज्यांस ऐपत आहे त्यांनीं मुलांस चीन अवश्य दाखवावा. मात्र निघण्यापूर्वीं महिनाभर घरांत त्याची तयारी करावी, आणि प्रवासाच्या आंखणींत एका ठिकाणाची भर स्वतः घालावी. तें ठिकाण कोणतें, हें पुढें सांगतों.

तयारी म्हणजे कांहीं मोठें पांडित्य नव्हे. चीनची भिंत चंद्रावरून दिसते असें आमच्या लहानपणीं मोठ्या खात्रीनें सांगत असत. २००३ सालीं चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेइ पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला, तेव्हां आपणांस भिंत दिसली नाहीं असें त्यानें प्रांजळपणें सांगितलें. आणि तो तर चंद्रापेक्षां पुष्कळच जवळ होता! ही गोष्ट ठाऊक असलेला मुलगा भिंतीच्या पायऱ्या चढूं लागला म्हणजे ऐकीव गोष्टीवर न विसंबतां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं लागतो. ज्यानें धारूरचा किल्ला पाहिला आहे, त्यास तट व बुरूज कशाला हवेत हें निराळें सांगावें लागत नाहीं. ही एकच सलग भिंत नसून निरनिराळ्या राजवटींनीं निरनिराळ्या काळीं बांधलेल्या तटांची माळ आहे, व २०१२ सालीं जाहीर झालेल्या मोजणीप्रमाणें त्या सर्वांची लांबी २१,१९६ किलोमीटर भरते, एवढें त्यास सांगितलें कीं पुरे.

शिआनजवळची मातीची सेना मात्र आमच्या बीडच्या मुलांकरितांच जणूं राखून ठेविली आहे असें मला वाटतें. १९७४ सालीं तेथें अवर्षण पडलें होतें. गांवचे शेतकरी पाण्यासाठीं विहीर खणूं लागले. आणि पाण्याऐवजीं त्यांस भाजलेल्या मातीच्या पुतळ्याचे तुकडे लागले. पुढें पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं खणून पाहिलें, तों इसवी सनापूर्वीं २१० मध्यें मृत्यु पावलेल्या सम्राटाच्या रक्षणार्थ पुरलेले माणसाएवढ्या उंचीचे हजारों सैनिक रांगेनें उभे! प्रत्येकाचा चेहरा निराळा. मुंबई-पुण्याच्या मुलास यांत सम्राटाचें वैभव दिसेल. आमच्या मुलास प्रथम ती विहीर दिसेल. पाणी लागेना म्हणून आणखी खोल जाणें, कुदळीचा आवाज बदलतांच सर्वांनीं वांकून पाहणें, हें त्यानें स्वतःच्या शेतांत अनुभविलेलें असतें. निघण्यापूर्वीं त्यास बीडची खजाना विहीरही दाखवून आणावी. निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकांत बांधलेल्या त्या विहिरीचें पाणी भुयारी पाटानें शेतांपर्यंत नेलेलें आहे. विहीर हा काय चमत्कार असतो, हें ज्यास घरीं कळलें, त्यास शिआन परकें वाटणार नाहीं.

त्याच शिआन शहरांत इ. स. ६५२ मध्यें बांधलेला एक उंच विटांचा मनोरा आहे. ह्यूएन त्संग या भिक्षूनें हिंदुस्थानांतून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठीं तो उभारला गेला. हा गृहस्थ दुसऱ्या पुलकेशीच्या काळीं आमच्या महाराष्ट्रांतही येऊन गेला होता. येथील लोक उपकार विसरत नाहींत व अपमानही विसरत नाहींत, असें त्यानें आमच्याविषयीं लिहून ठेविलें आहे. (हें वर्णन आजही कितपत लागू पडतें, तें ज्याचें त्यानें ठरवावें!) डोंगरांत कोरलेला एक विहार व त्याच्या द्वारापाशीं असलेले दगडी हत्ती यांचेंही वर्णन त्यानें केलें आहे, आणि तें अजिंठ्याचें असावें असें विद्वान मानतात.

आतां त्या ठिकाणाविषयीं. बीजिंगपासून सुमारें २८० किलोमीटरांवर शिजियाझुआंग नांवाचें शहर आहे; हेबेई प्रांताची ती राजधानी. सहलींच्या छापील पत्रकांत बहुधा त्याचें नांव नसतें, कारण तेथें ना राजवाडा, ना भिंत. पण तेथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत एका सोलापूरच्या मराठी माणसाची समाधि आहे. १९३८ सालीं, जपाननें चीनवर चालविलेल्या युद्धांतील जखमींच्या शुश्रूषेसाठीं राष्ट्रीय सभेनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि सत्तावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस होते. बाकीचे चौघे यथाकाल स्वदेशीं परतले. कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले. १९४१ सालीं डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नांवानें चालविलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. आणि तेथील परिचारिकांस शिकविणाऱ्या ग्वो चिंगलान या बाईंशीं त्यांनीं विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्यें त्यांस पुत्र झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यानें ते वारले. वय अवघें ३२. ज्यांच्या नांवाचें रुग्णालय त्यांनीं चालविलें, त्या कॅनडाच्या बेथ्यून यांचीही समाधि त्याच आवारांत आहे.

व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं काढलेल्या चित्रपटामुळें ही कथा आमच्या आजोबांच्या पिढीस तोंडपाठ होती. आजच्या मुलांस मात्र ती ठाऊक नसते, आणि मला याचेंच अधिक वाईट वाटतें.

लहान मुलास समाधि कसली दाखवावयाची, तें कंटाळेल, असें कोणी म्हणतील. नुसता दगड दाखविला तर खरोखरच कंटाळेल. त्यास त्या बाळाच्या नांवाची गोष्ट सांगावी. त्याचें नांव ठेविलें होतें ‘इन्हुआ’. ‘इन्’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. वडिलांस चिनी लोक ‘के दिहुआ’ म्हणत. त्यांतही तोच ‘हुआ’. मुलानें तीं दोन अक्षरें आपल्या वहींत काढून न्यावीं व त्या आवारांत कोठें सांपडतात तें शोधावें. बघा, तें हलावयास तयार होणार नाहीं. इन्हुआही पुढें वैद्यकी शिकत असतांना १९६७ सालीं ऐन तारुण्यांत वारला. आई मात्र २०१२ पर्यंत हयात होती. राजवाड्यांत व भिंतीवर आपला मुलगा लाखों प्रेक्षकांतील एक प्रेक्षक असतो. येथें तो नात्यानें जातो. सीमेवरच्या तंट्याची जी गोष्ट आपण त्यास नकाशावर दाखविली, तिच्या शेजारीं ही दुसरी गोष्ट त्यानें ठेवावी. एकीनें दुसरी खोटी पडत नाहीं.

जाण्यायेण्याची अडचण म्हणाल तर तीही फारशी नाहीं. बीजिंगहून वेगवान आगगाडी तासाभराहून थोड्या अधिक वेळांत तेथें पोंचविते. आमच्या बीड शहरास पहिली आगगाडी पाहावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तेव्हां त्या गाडींत बसण्याचाच मुलांस केवढा आनंद होईल! शांघायच्या दुकानांतला एक दिवस कमी केला कीं झालें.

हें सर्व झालें ऐपतदारांविषयीं. त्याच वर्गांत, त्याच बांकांवर दुसरीं मुलें बसतात. दसरा-दिवाळी होतांच त्यांचे आईबाप मुकादमाची उचल फेडावयास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत वा कर्नाटकांत जातात, आणि कित्येक मुलेंही त्यांच्याबरोबर फडावर जातात. हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत खरीं, परंतु धाकट्या भावंडास सांभाळावयास कोणी हवें म्हणून थोरलीस न्यावेंच लागतें. ही देखील कुटुंबासह केलेली सफर आहे. तिला सहल कोणी म्हणत नाहीं, आणि तिच्यावर निबंधही आम्ही कोणी मागत नाहीं. तो मागावा. चीनहून आलेल्या मुलाच्या निबंधांतला एक धागा तर यांच्या कोपींतूनच जातो: इ. स. ६४७ मध्यें चीनच्या सम्राटानें मगध देशीं माणसें पाठवून साखर करण्याची रीत शिकून घेतली, अशी त्या देशाच्या इतिहासांत नोंद आहे. उंसाचें कांडें कसें छाटावें हें त्या सम्राटाच्या दूतांनीं ज्यांच्यापासून शिकून घेतलें, तेही असेच कोणी कष्टकरी असतील.

आणि या मुलांस शिजियाझुआंग दाखवितां आलें नाहीं, तरी सोलापूर दूर नाहीं. डॉ. कोटणीस यांचें जन्मघर तेथें स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. धाराशिव जिल्हा ओलांडला कीं एका दिवसांत जाऊन येतां येतें. शाळेची वार्षिक सहल एकदां तिकडे न्यावी, अशी माझी सूचना आहे. ९ डिसेंबरची पुण्यतिथि साधून जावें असें कोणी म्हणतील. मला ती तारीख मान्य नाहीं. मार्चअखेरीस सोलापूरचें ऊन फार कडक असतें हें खरें, परंतु डिसेंबरांत बस काढली तर तिच्यांतल्या कित्येक जागा मोकळ्या राहतील. तीं मुलें त्या वेळीं फडावर असतात.