आपला बाब्या, त्यांचं कार्टं

चिनी किंवा रशियन खेळाडू उत्तेजकांच्या चाचणीत सापडला की आपला निकाल तयार असतो: लबाड! २०१६ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्तीगीर नरसिंग यादवच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं, तेव्हा मात्र त्याच्याविरुद्ध कट झाल्याची बाजू अनेकांनी लगेच उचलून धरली. ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने त्याला निर्दोष ठरवलं, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने रिओ ऑलिम्पिकच्या वेळीच त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत सापडलेल्या क्रिकेटपटू पृथ्वी शॉने सांगितलेलं खोकल्याच्या औषधाचं कारणही आपल्याला सहज पटलं. खेळाडू निर्दोष असूही शकतो. पण संशयाचा फायदा पासपोर्ट पाहून का द्यायचा? गांधीजींचं सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तिथल्या वाचकांना साधनशुद्धी शिकवायला नको. या अंकातले क्रीडालेख वाचताना कसोटी एकच ठेवा. खेळाडू कुठल्याही देशाचा असो.