विश्लेषण : पीएचडीला फेलोशिप मिळते, पण बीएस्सीच्या उन्हाळ्याचे काय?

मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावातून विज्ञान शाखेला गेलेल्या मुलांपुढे बारावीनंतर दोनच रस्ते असल्याचे मानले जाते. नीटमध्ये गुण पडले तर एमबीबीएस, नाही पडले तर बीएस्सी. दुसरा रस्ता घरात नाइलाज म्हणूनच मोजला जातो. प्रत्यक्षात लस, रोगनिदान चाचण्या आणि नव्या औषधांवर काम करणारे अनेक जण डॉक्टर नसतात. ते सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र शिकलेले असतात. मात्र तिथवर जाण्यासाठी पदवीच्या काळातच एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत काही आठवडे काढावे लागतात. बंजारा, दलित, आदिवासी, मुस्लिम घरांतल्या मुलांसाठी हा टप्पा सर्वांत अवघड आहे आणि सरकारी मदत नेमकी याच टप्प्यावर नाही.

मदत सुरू कुठून होते?

राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था संशोधकांना फेलोशिप देतात. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. अल्पसंख्याक संशोधकांसाठी केंद्राची मौलाना आझाद फेलोशिप होती, ती बंद केल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. फेलोशिपच्या जागा किती, पैसे कधी, यावरून आंदोलने होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण हा सगळा वाद पीएचडीच्या दारातला आहे. त्या दारापर्यंत कोण पोहोचले आणि कोण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेकडे वळले, याची चर्चा होत नाही.

दोन महिन्यांत असे काय मिळते?

मायक्रोपिपेट हातात धरणे, पीसीआर लावणे, प्रयोग फसला तर वहीत तसेच लिहून पुन्हा करणे. अनेक महाविद्यालयांत प्रात्यक्षिक म्हणजे आधीच माहीत असलेले उत्तर जर्नलमध्ये उतरवणे. संशोधनात उत्तर कुणालाच माहीत नसते, हा अनुभव पहिल्यांदा प्रयोगशाळेतच येतो. शिवाय दोन महिन्यांनी एक शास्त्रज्ञ तुम्हाला नावाने ओळखू लागतो आणि पुढच्या प्रवेशासाठी त्याचे शिफारसपत्र कामी येते. आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांकडे इंटर्नशिप इतकी रुळली आहे की तिची प्रमाणपत्रे विकतही मिळतात. बीएस्सीच्या मुलाला मात्र असे काही असते, हेच अनेकदा तिसऱ्या वर्षी कळते.

योजनाच नाहीत, असे नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. त्यात विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. केंद्राच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीत वर्षाला ८० हजार रुपये मिळतात, त्यातले २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. पण तिचा मुख्य निकष म्हणजे बारावीत बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असणे. ‘आयसीएमआर’ची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे, ती फक्त एमबीबीएस आणि बीडीएससाठी. म्हणजे जैववैद्यकीय संशोधनाची इतकी जुनी विद्यार्थी योजना बीएस्सीवाल्याला दारातही उभे करत नाही. त्यात विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा जूनपर्यंत लांबल्या, तर फेलोशिप मिळूनही जायचे कसे?

नमुने इथले, संशोधक कुठले?

सिकलसेलचेच उदाहरण घ्या. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या डॉक्टरांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली आला. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये या आजाराचे प्रमाण मोठे आहे. केंद्राने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचे, निर्मूलनाची मुदत २०४७. या समाजांचे रक्त साठ-पासष्ट वर्षे तपासले जात आहे. पण तपासणाऱ्यांच्या टेबलावर या घरांतली मुले किती, हा प्रश्न अभियानाच्या आराखड्याइतकाच महत्त्वाचा आहे. लग्न जुळवताना रक्ताचा अहवाल का लपवला जातो, हे त्या घरातल्या मुलीला प्रश्नावलीशिवाय कळते.

कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी गडचिरोली, नागपूर असे शिकत अमेरिकेत आरएनए औषधांच्या संशोधनापर्यंत गेले. त्यांची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण दर पिढीत एखाद्या हलामींची वाट बघणे याला धोरण म्हणत नाहीत.

अमेरिकेत १९७०च्या दशकात ‘मार्क’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी विद्यार्थ्यांना पदवीच्या शेवटच्या वर्षांतच दरमहा विद्यावेतन, मार्गदर्शक आणि उन्हाळी संशोधन, असे त्याचे स्वरूप होते. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या काळात तो गुंडाळला गेला. अशी योजना राजकारणाच्या एका फटक्यात जाऊ शकते, हेही त्यातून दिसते. पण ‘पदवीतच पकडा’ ही त्यामागची कल्पना खोटी ठरलेली नाही.

खर्च किती?

आपला हिशेब फार मोठा नाही. पीएचडीच्या कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, म्हणजे घरभाडे सोडून वर्षाला ४ लाख ४४ हजार. ‘इन्स्पायर’चाच २० हजारांचा दर धरला, तर तेवढ्यात २२ मुलांचा उन्हाळा होतो. पीएचडीच्या जागा कापून हे करावे, असे मुळीच नाही. बार्टी, महाज्योती, मार्टी यांनी वेगळी तरतूद करावी. मुलांना थेट पुणे-बंगळूरला पाठवण्याची गरज नाही. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय, चंद्रपूरचे ‘आयसीएमआर’चे सिकलसेल-थॅलेसेमिया केंद्र, अमरावती विद्यापीठाचे विभाग वाशिमच्या मुलीला एसटीने गाठता येतात. मुक्कामाची सोय मात्र आधी हवी. ती नसेल तर मुलींची नावे यादीतच राहतील.

आणखी एक घड्याळ चालू आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. त्या वर्षी प्रवेश घेतलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात जाईल. संशोधनासह ऑनर्स घ्यायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि महाविद्यालयात संशोधन मार्गदर्शकही हवेत. तालुक्याच्या ठिकाणी ते किती आहेत, याची यादी विद्यापीठाने आताच जाहीर करावी.

तोवर बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असाल तर एवढे करा. अकादमींच्या फेलोशिपचे अर्ज साधारण हिवाळ्यात, ऑनलाइन भरले जातात. त्यात तुम्हाला काय शिकायचे आहे, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते आणि शिफारस करणाऱ्या शिक्षकाचा ई-मेल लागतो. दिवाळीच्या सुट्टीआधीच सरांना किंवा मॅडमना गाठा आणि त्यांचा चालू ई-मेल लिहून घ्या.