लोगो की छाप?

आपल्या टेकफेस्टचा लोगो यंदाही बदलतोय, म्हणून हे लिहितोय. लोगो म्हणजे नुसती सजावट, असं आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना वाटतं. पण आपल्याच जिल्ह्यातल्या संगमनेरची 'गाय छाप' जर्द्याची पुडी बघा! माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं. पुडीवरची गाय बघूनच ते पैसे द्यायचे. दुसरी दिली की परत! (तंबाखू वाईटच, जाहिरात करत नाहीये.) २०१६ पासून अशा पुडीचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राला आणि इशाऱ्याला द्यावा लागतो. ते चित्र मुद्दाम बदलत ठेवतात, नजरेला सवय होऊ नये म्हणून. ब्रँडला तर नेमकी तीच सवय हवी असते. मग आपण दर वर्षी का बदलतो? गेल्या वर्षीचा लोगो कुणाला आठवतोय का?