तुटायचं ते तुटू द्या

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या टोळक्यात नवखा माणूस आला, की पहिल्या पंधरा मिनिटांत कुणीतरी त्याला सांगतंच : "आधी ते प्लास्टिक काढ. ॲल्युमिनियमचे आर्म टाक, मग बघ." सांगणाऱ्याच्या हातात निळा नाहीतर लाल, चकचकीत, मशीनवर कोरलेला तुकडा असतो आणि चेहऱ्यावर सर्वज्ञाचा भाव. हा सल्ला साफ चुकीचा आहे. बरीच वर्षं तो देणाऱ्यांत मीही होतो, म्हणून आज जरा मोठ्या आवाजात बोलतो आहे.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही गाडी खेळण्यांच्या दुकानातली नव्हे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दोन-अडीच किलोची, ताशी 50 किलोमीटर सहज पळणारी आणि माळरानावर उड्या मारणारी ही गाडी. तिचं प्रत्येक चाक चॅसीला जोडणारा, बिजागरीवर वरखाली हलणारा जो आडवा हात असतो, तो सस्पेन्शन आर्म. कारखान्यातून तो बहुधा नायलॉनचा येतो. आदळताना चाक पुढे असतं, त्यामुळे पहिला मार त्यालाच.

हा मार केवढा? ताशी 50 च्या वेगानं दगडावर आपटणं म्हणजे तीच गाडी सुमारे 10 मीटर उंचीवरून, साधारण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, खाली सोडणं. एवढी ऊर्जा कुठेतरी जाणारच. आर्म वाकला तर ती त्याच्या पोटात जाते. आर्म तुटला तरी बरीचशी तिथेच खर्च होते. पण आर्म ताठ उभा राहिला, तर धक्का पुढे सरकतो : आधी बिजागरीची पोलादी पिन, मग ती पिन धरणारा बल्कहेड, मग चॅसी. आर्मचं "काहीच झालं नाही" असं आपण कौतुकानं सांगतो, तेव्हा ते दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं असतं.

"पण ॲल्युमिनियम जास्त मजबूत नाही का?" आहे. नेहमीच्या 6061 जातीचं ॲल्युमिनियम नायलॉनपेक्षा साडेतीन पट ताण सोसतं. मात्र ते वीसपंचवीस पट ताठही आहे. वाकून पुन्हा सरळ होताना एखादा पदार्थ किती ऊर्जा सामावून घेईल, हे काढायला सोसवणाऱ्या ताणाचा वर्ग करून त्याला ताठपणानं भागावं लागतं. हा भागाकार करून पाहा. आकाराला आकार लावला तर नायलॉन जवळपास दुप्पट भरतं आणि वजनाला वजन लावलं तर चौपटीहून जास्त. शिवाय मर्यादेपलीकडे गेलेलं ॲल्युमिनियम वाकतं ते वाकलेलंच राहतं. मग गाडी एका बाजूला ओढते आणि आपण महिनाभर स्टिअरिंगला दोष देत बसतो.

आपल्या घरांत पूर्वी चिनीमातीचे फ्यूज असत. तो सारखा उडतो म्हणून वैतागून त्यात जाड तांब्याची तार घालणारे एक काका प्रत्येक वाड्यात असायचे. त्यानंतर फ्यूज कधी उडत नसे. जळायची ती भिंतीतली वायरिंग. ॲल्युमिनियमचे आर्म विकत घेणारा माणूस हाच काका आहे. फक्त त्याची तार निळी आणि महाग असते.

मुळात "प्लास्टिक" हा शब्दच आपल्याकडे शिवीसारखा झालाय. पितळेचं ते खरं, प्लास्टिकचं ते तकलादू. 2018 च्या बंदीनंतर तर त्याची उरलीसुरली अब्रूही गेली. पण बाजारातली पातळ पिशवी आणि हा आर्म यांचं नातं आडनावापुरतं. ज्या नायलॉनचा मांजा तुटत नाही म्हणून दर संक्रांतीला आपण हळहळतो, तेच हे नायलॉन. मांज्यात चिवट आणि आर्ममध्ये नाजूक, असं कसं होईल?

इतिहासही माझ्याच बाजूचा आहे. 1979 साली आलेल्या तामियाच्या सँड स्कॉर्चरला धातूचं सस्पेन्शन होतं. गाडी देखणी, पण जड. 1984 मध्ये टीम असोसिएटेडनं आरसी10 आणली. तिची चॅसी सोनेरी ॲल्युमिनियमची आणि आर्म नायलॉनचे. पुढच्याच वर्षी ऑफ-रोडच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत दुचाकी-ड्राइव्ह गटात हीच गाडी जिंकली. आजही सेकंदाच्या दहाव्या भागासाठी जीव टाकणारे स्पर्धक चॅसी, शॉकच्या नळ्या, पिनांची बैठक असं सगळं ॲल्युमिनियमचं वापरतात आणि आर्म मात्र प्लास्टिकचेच ठेवतात. हे लोक काही पैसे वाचवण्यासाठी तसं करत नाहीत.

आता विरोधकांचा एक रास्त मुद्दा. प्लास्टिक लवतं, त्यामुळे चाकाचा कोन क्षणभर बदलतो आणि गाडी सैल वाटते. खरं आहे. पण त्याचं उत्तर स्पर्धकांनीच शोधलंय : पकड चांगली असलेल्या गालिच्याच्या ट्रॅकवर ते कार्बन मिसळलेलं, जास्त ताठ प्लास्टिक वापरतात, खडबडीत मातीवर साधं. आणि घनता विसरू नका. नायलॉनची 1.14, ॲल्युमिनियमची 2.7. स्प्रिंगच्या पलीकडे, चाकाच्या बाजूला वाढलेलं वजन म्हणजे खड्ड्याखड्ड्यावर जमीन सोडणारं चाक.

मी धातूचा शत्रू नाही. बिजागरीची पिन पोलादाचीच हवी. शॉकचं झाकण ॲल्युमिनियमचं असलं तर तेल गळत नाही. खडकांवर गोगलगायीच्या गतीनं चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांना चाकापाशी पितळेचं वजन लावतात तेही शहाणपणाचं, कारण तिथे वेग नाही आणि भार खाली हवाच असतो. माझं भांडण एवढ्यापुरतंच आहे, की वेगानं पळणाऱ्या गाडीचा पहिला मार खाणारा भाग सगळ्यात ताठ असू नये.

नवे आर्म चटकन तुटत असतील तर पाण्यात उकळा. हा टोटका नव्हे. साच्यातून निघालेलं नायलॉन कोरडं असतं, कोरडं असताना ठिसूळ असतं, आणि पाणी शोषलं की चिवट होतं. आमच्या घरी जुन्या पातेल्यात आर्म बटाट्यांसारखे शिजतात. पातेलं वेगळं ठेवलंय, एवढी तडजोड मी केली आहे.

आता आवाज मोठा का, ते सांगतो. आमच्या रविवारच्या मैदानावर आठवीतला एक मुलगा यायचा. दोन वर्षांचे वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून त्यानं जुनी गाडी घेतली होती. तिसऱ्या रविवारी त्याचा पुढचा आर्म तुटला. तो रडवेला झाला आणि मी सर्वज्ञाच्या चेहऱ्यानं म्हणालो, "ॲल्युमिनियमचे टाक, पुन्हा तुटणार नाहीत." उरलेले पैसे त्यानं त्यात घातले. महिन्याभरात गाडी उडीवरून तिरकी येऊन दगडावर बसली. आर्म खरंच तुटले नाहीत. पिन आतच वाकून अडकली, बल्कहेड फुटला आणि चॅसीला पुढून उभी चीर गेली. हे भाग इथे मिळत नव्हते. बाहेरून मागवायचे तर कस्टम ड्यूटीसकट हिशेब जवळजवळ जुन्या गाडीच्या किमतीला पोचला.

"काका, तुम्ही म्हणाला होता तुटणार नाही," एवढंच तो म्हणाला. त्यात राग नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही नाही.

त्या दिवशी मी त्याला नायलॉनच्या आर्मची एक जोडी आणि एक पाना दिला असता, तर दहा मिनिटांत तो पुन्हा मैदानात असता. तुटलेला भाग स्वतः बदलता येतो हे त्याला कळलं असतं, आणि या नादातली निम्मी मजा तीच आहे. आता माझ्या खोक्यात आर्मच्या दोन जोड्या कायम असतात, उकळलेल्या. नवखा कुणी आला आणि त्याचा आर्म तुटला, की मी एक काढून देतो आणि सल्ला देणाऱ्यांना जरा बाजूला व्हायला सांगतो.