गोड बाटली, देशी फूल आणि दोन मापे

एखादी वस्तू चांगली की वाईट हे त्या वस्तूच्या गुणांवरून ठरावे, असे आपण मुलांना शिकवतो. स्वतः मात्र ते तिच्या वेष्टनावरून ठरवतो. याचे सर्वांत ताजे उदाहरण म्हणजे कॉफीचे लिकर.

दिवाळीला पुण्यामुंबईहून आणि सातासमुद्रांपलीकडून मुले-सुना घरी येतात. त्यांच्या सामानातून हल्ली एक काळसर, ठेंगणी, सुबक बाटलीही येऊ लागली आहे. खामगाव, मलकापूर, चिखली येथील सुस्थितीतील घरेही तिला आता परकी राहिलेली नाहीत. आजोबांनी कपाळाला आठी घातली, तर नातू हसून म्हणतो, “आजोबा, ही दारू नव्हे हो! कॉफीच आहे, थोडी वेगळी.” आजोबांची आठी उतरते आणि बाटली चकलीच्या ताटाशेजारी प्रतिष्ठित होते. त्याच बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा उभा आहे. तेथील एखाद्या कोरकू म्हातारीच्या झोपडीत मोहाच्या दारूचे एक मडके सापडले, तर तिला कोणी “फूलच आहे, थोडे वेगळे” असे म्हणू देत नाही. तिच्या दारात शिपाई उभा राहतो.

वाचकहो, भांडण आहे ते या दोन मापांशी. लिकरची थोरवी गाण्यासाठी किंवा मोहाची भट्टी पेटवण्यासाठी ही लेखणी उचललेली नाही.

आधी ही बाटली काय आहे ते नीट पाहू. कॉफीच्या भाजलेल्या बिया पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवून त्यांचा अर्क काढायचा. त्यात उसापासून काढलेली रम किंवा शुद्ध मद्यार्क मिसळायचा, भरपूर साखर घालायची, व्हॅनिलाचा वास द्यायचा, की झाले कॉफी लिकर. युरोपातील नियमाप्रमाणे लिकर म्हणवून घ्यायला सर्वसाधारणपणे लिटरमागे निदान 100 ग्रॅम साखर लागते. कॉफीच्या लिकरात ती पुष्कळदा याहूनही कितीतरी अधिक असते. चव म्हणाल तर आधी गूळ जळल्यासारखा गोडवा, मग कॉफीचा कडवटपणा आणि शेवटी घशात हळूच उतरणारी ऊब. ही ऊब कॉफीची नसते हे सांगायला नकोच.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध नाव ‘कालुआ’. ते 1936 साली मेक्सिकोच्या वेराक्रूझ प्रांतात जन्मले. जमैकाने आपले ‘टिया मारिया’ जगाला दिले. गंमत अशी, की मेक्सिकोच्या त्या बाटलीतील कॉफी मुळात मेक्सिकोची नाही. ती इथिओपियाच्या डोंगरांतून येमेनमार्गे जगभर पसरली. ऊसही त्या भूमीचा नव्हे. तो पूर्वेकडून तिकडे गेला. अस्सल मेक्सिकोची म्हणावी अशी एकच वस्तू त्यात आहे, ती म्हणजे व्हॅनिलाची शेंग. तरीही मेक्सिको छाती पुढे काढून सांगतो, की हे आमचे आहे. आणि सारे जग मान डोलावते.

जगाने नुसती मान डोलावली नाही, पेलेही भरले. 1949 साली ब्रुसेल्सच्या मेट्रोपोल हॉटेलात गुस्ताव टॉप्स नावाच्या मद्यवाढप्याने लक्झेंबर्गमधील अमेरिकेच्या राजदूत पर्ल मेस्टा यांच्यासाठी व्होडकात कॉफी लिकर मिसळून दिले आणि त्या मिश्रणाला ‘ब्लॅक रशियन’ हे नाव पडले. त्यात साय घातली की ते ‘व्हाइट रशियन’ होते. 1980 च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल याने व्होडका, लिकर आणि ताजी कडक कॉफी एकत्र घुसळून ‘एस्प्रेसो मार्टिनी’ लोकप्रिय केली. आता मुंबई आणि पुणे येथील उपाहारगृहांत ही नावे मिसळपावाइतक्या सहजतेने घेतली जातात.

आता “ही दारू नव्हे” या वाक्याकडे वळू. कॉफी लिकरात मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे शेकडा 16 ते 20 असते. ‘ब्लॅक रशियन’च्या प्रचलित कृतीत 50 मिलिलिटर व्होडका आणि 20 मिलिलिटर लिकर असते. व्होडकात शेकडा 40 मद्यार्क धरला, तर त्या एका लहानशा पेल्यात सुमारे 23 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क जातो. शेकडा 5 मद्यार्काच्या 330 मिलिलिटर बिअरमध्ये तो साडेसोळा मिलिलिटर असतो. म्हणजे जी सून बिअरचे नाव ऐकून कानांवर हात ठेवते, ती या गोड पेल्यातून बिअरपेक्षा अधिक मद्य पिते, आणि तिला ते कोणी सांगत नाही. साखर मद्याचा तिखटपणा झाकते. कडक कॉफी घातली असेल, तर तिच्यातील कॅफीन नशेची जाणीवही झाकते. नशा मात्र जराही कमी करत नाही. याच कारणाने 2010 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅफीन मिसळलेली मद्ये विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता. आपला कायदाही या बाबतीत भोळा नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइन यांसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे, इतर मद्यांसाठी 25 वर्षांची. शिवाय पिणाऱ्याजवळ परवाना हवा. दिवाळीच्या ताटाशेजारी असा परवाना किती घरांत मांडलेला असतो?

म्हणून पहिले म्हणणे एवढेच, की ज्यांना प्यायचे आहे त्यांनी प्यावे, पण दारूला दारू म्हणावे. गोड शब्दाने तिचे बारसे करून ती मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या गळी उतरवू नये.

आता सातपुड्याकडे चला. फाल्गुन-चैत्रात मोहाचे झाड पाने टाकते आणि रात्रभर फुले गाळते. पिवळट पांढरी, मांसल, रसाने फुगलेली ती फुले उजाडण्यापूर्वी वेचायला बाया आणि पोरे टोपल्या घेऊन निघतात. उन्हात वाळली, की ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि साखरेने इतकी भरलेली असतात, की टंचाईच्या दिवसांत त्यांनीच पोटे भरली आहेत. फुलांनंतर फळ येते. त्याच्या बीचे तेल दिव्याला आणि स्वयंपाकाला लागते. लग्न, नवस, मर्तिक, देवाचा नैवेद्य, या कोणत्याही प्रसंगी मोहाची धार चुकत नाही. फुले भिजवून आंबवायची, मडक्यांच्या भट्टीवर ती वाफवायची आणि वाफ गार करून थेंब थेंब गोळा करायचा, ही विद्या कोणत्याही युरोपीय ऊर्ध्वपातनाहून कमी नाही. त्या द्रवाला फुलाचा वास असतो, धुराची किंचित झाक असते आणि झाडाचा पत्ता असतो. कॉफी लिकराप्रमाणे त्यात कोणी साखर ओतलेली नसते. ती फुलाने स्वतः दिलेली असते.

असे हे फूल गुन्हेगार कधी झाले? इंग्रजांना अबकारीचा पैसा हवा होता. घरोघरी निघणाऱ्या दारूवर कर बसत नाही. म्हणून 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला आणि 1892 च्या मोहविषयक कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले वेचण्या-साठवण्यावरच बंधन आले. आदिवासींचे आरोग्य सुधारावे हा त्यामागचा हेतू नव्हता. त्यांनी सरकारी दुकानातली दारू विकत घ्यावी हा होता. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. पण स्वतंत्र भारतात 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1959 साली तो विदर्भालाही लागू झाला. हेतू आता उदात्त होता, गांधीजींचा होता. पण फुलावरची नजर मात्र जुनीच राहिली. मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्रात सैल व्हायला 2021 साल उजाडावे लागले.

पुढची गोष्ट तर एखाद्या विनोदी लेखकालाही सुचली नसती. मोहफुले आणि काजूची बोंडे यांपासून बनणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2022 साली घेतला. सातपुड्याच्या फुलाला मान मिळावा म्हणून त्याला आधी परदेशी व्हावे लागले! या एका शब्दात आपल्या दीडशे वर्षांच्या मनोवृत्तीचा इतिहास आला आहे.

येथे कोणी विचारील, “मग काय, खेड्याखेड्यांत दारू वाहू द्यायची?” प्रश्न रास्त आहे, आणि तो सर्वांत आधी विचारण्याचा अधिकार खेड्यातील बाईचा आहे. नवऱ्याच्या दारूने जिचे जोंधळ्याचे पोते विकले गेले, तिला मोहाच्या सुगंधाची स्तोत्रे ऐकवणे हा निर्दयपणा ठरेल. तिच्या हातात 2008 च्या नियमाने ‘आडवी बाटली’चे मत आले आहे, निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी कौल दिला तर दुकान बंद होते. तो अधिकार अबाधित राहो. पण तिचे घर मोडते ते कोणत्या दारूने? पुष्कळदा ती दुकानातील परवान्याची बाटली असते, नाहीतर नवसागर टाकून केलेली गुळाची हातभट्टी. 2015 साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. त्या विषाचा मोहाच्या झाडाशी संबंध नव्हता. वर्षातून एका मोसमात फुलणाऱ्या फुलाचे पाप ठरवताना बारमाही विकल्या जाणाऱ्या बाटलीचे पुण्य कोणी मोजले आहे काय?

दुसरा आक्षेप असा, की मोहाची दारू अस्वच्छ असते. मान्य; ती तशी असू शकते. पण अस्वच्छतेवर उपाय शास्त्र आणि तपासणी हा आहे, बेडी हा नव्हे. गोव्याने काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवून दिले. आपल्याच सातपुड्याच्या पलीकडल्या उतारावर, मध्य प्रदेशात, आदिवासींना घरच्या वापरासाठी ठराविक मर्यादेत मोहाची दारू काढण्याची मुभा आहे. तेथील सरकारने तिला ‘वारसा मद्य’ म्हणून बाजारातही आणले. डोंगर एक, झाड एक, माणसेही एकाच गोताची. अलीकडे आला की तो गुन्हेगार आणि पलीकडे गेला की तो वारसदार, हा कुठला न्याय?

आणि उद्या येथे मोहाचे लिकर निघाले, तर आणखी एका धोक्याची सूचना आजच देऊन ठेवली पाहिजे. मोठा कारखाना येईल, सुबक बाटली येईल, कॉफीत मिसळण्याच्या कृती छापल्या जातील आणि खामगावच्या दिवाणखान्यात “हे आपले मोहाचे हो!” असे कौतुकही होईल. फुले वेचणारी मात्र अंधारात टोपली घेऊन जाईल आणि मापात मारलेल्या भावाने ती विकून येईल. वेराक्रूझच्या कॉफीमळ्यांतील मजुराला आपल्या बाटलीचे भाव कधी कळले असतील, तर तसेच हिलाही कळतील. म्हणून परवाना द्यायचाच असेल, तर तो आधी ग्रामसभेला आणि वेचणाऱ्या बायांच्या गटाला द्या, कारखानदाराला नंतर.

बुलढाणा हे नाव ‘भिल्लठाणा’वरून आले, असे सांगतात. ज्या जिल्ह्याने आपल्या नावात भिल्लाला जागा दिली, त्याने न्यायातही ती द्यावी. यंदाच्या दिवाळीत कोणाच्या घरी ती काळसर बाटली उघडली गेली, तर एवढेच करावे: तिला दारू म्हणावे, मुलांपासून दूर ठेवावे, आणि डोंगरातल्या मडक्याला नाक मुरडण्यापूर्वी आपला पेला त्याच तागडीत घालून पाहावा. तागडी एकच असली, की तोल कुणाकडे झुकतो ते आपोआप दिसेल.